काळ्या काचा, स्मोक्ड लाईट आणि कायदा

गाडीच्या काळ्या काचांवरून वाद घालायला मला कधीच कंटाळा येत नाही, कारण त्या वादात दोन्ही बाजूंकडे थोडं थोडं खरं असतं. पण लाईटवर काळी फिल्म लावून वर "त्यात काय एवढं" म्हणणारा भेटला की माझा पेशन्स संपतो. लोक या दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधतात, मॉडिफिकेशन म्हणजे मॉडिफिकेशन, पोलीस पकडतो तर दोन्हीला पकडतो, मग फरक काय. फरक आहे आणि बराच मोठा आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

आधी काच. यात सगळा खेळ एका आकड्याचा असतो, व्हीएलटी. म्हणजे बाहेरून येणाऱ्या दिसणाऱ्या प्रकाशातला किती टक्के काचेतून आरपार जातो. आकडा जितका लहान तितकी काच गडद. इथेच अर्धे लोक उलटं समजतात, ७० टक्के टिंट म्हटलं की त्यांना वाटतं बापरे, पार काळीकुट्ट असणार, तर ती असते जवळजवळ साधी पारदर्शक. आणि ५ टक्केवाली, जिला बाहेर लिमो टिंट म्हणतात, तिच्यातून रात्री आतून बाहेर बघायचं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसेच.

दुसरी गोष्ट फिल्मवाला सहसा सांगत नाही. फिल्मच्या पाकिटावर लिहिलेला आकडा फक्त फिल्मचा असतो, तुमच्या गाडीची काच मुळात शंभर टक्के प्रकाश सोडतच नाही. कंपनीतून आलेल्या काचेला बहुतेक वेळा हलकी हिरवट छटा असते आणि तीच प्रकाशाचा चौथा-पाचवा हिस्सा खाते. धरा की बाजूची काच ७५ टक्क्यांची आहे आणि तुम्ही तिच्यावर ७० ची फिल्म लावली. हिशोब बेरजेचा नाही, गुणाकाराचा. ०.७५ गुणिले ०.७० म्हणजे साडेबावन्न टक्के. ५० ची फिल्म लावली तर साडेसदतीस. म्हणजे "साहेब, माझी फिल्म ५० चीच आहे, नियमात बसते" असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो, पण त्याची काच नियमात बसत नसते. आणि पुढची मोठी काच, तिच्यात तर जागाच नसते, ७८ टक्क्यांच्या काचेवर ९० टक्क्यांची जवळपास अदृश्य फिल्म लावली तरी ७० च्या जेमतेम वर राहता, त्यात वर्षभराची धूळ आणि वायपरचे ओरखडे धरलेलेच नाहीत.

आता भारतातला नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १००. पुढची आणि मागची मोठी काच किमान ७० टक्के, बाजूच्या काचा किमान ५० टक्के. हे आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात, पण त्यावरून खरी मारामारी झाली ती २०१२ मध्ये. अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला निकाल दिला आणि ४ मे पासून तो लागू झाला. याचिकेतला मुद्दा होता की काळ्या काचांच्या गाड्या गुन्ह्यांसाठी वापरल्या जातात, आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. कोर्टाने जे म्हटलं ते मात्र नियमाच्या शब्दावर होतं. नियम काच कशी *बनवायची* ते सांगतो, तिच्यावर नंतर काय चिकटवायचं ते सांगत नाही. म्हणून कंपनीने काच बनवतानाच छटा दिली आणि ती ७०/५० मध्ये बसली तर चालेल, पण वरून चिकटवलेली फिल्म चालणार नाही, मग तिचा आकडा काही का असेना. फिल्म बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी परत कोर्टात जाऊन निकालात बदल मागितला, ऑगस्टमध्ये कोर्टाने तेही फेटाळलं. सूट ठेवली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या सरकारी गाड्यांना, आणि तीसुद्धा आपोआप नाही, समितीने तपासून दिली तर.

मला तो निकाल वाचताना नेहमी एक खटकतं. हेतू होता की आतलं दिसावं, पण निघालं काय तर चिकटवलेली ९० टक्क्यांची पारदर्शक फिल्म बेकायदा आणि कंपनीने दिलेली ५० टक्क्यांची काच कायदेशीर, म्हणजे ज्यातून कमी दिसतं ते चालतं आणि ज्यातून जास्त दिसतं ते चालत नाही. कोर्टाचा तर्क मला कळतो, रस्त्यावर उभ्या हवालदाराने प्रत्येक फिल्म मोजत बसायची का, त्यापेक्षा सरसकट बंद करा. पण सरसकट बंदीचं असंच होतं, ज्याला खरंच उन्हाचा त्रास आहे तो मुकाट्याने फिल्म काढतो आणि ज्याला भाव खायचाय तो लावून फिरतोच.

मग गंमत अशी झाली की नियमच बदलला. १ एप्रिल २०२१ पासून नियम १०० मध्ये सेफ्टी ग्लासच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला, आणि भारतीय मानकाच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत त्या ग्लेझिंगमध्ये आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही बसते. याच धाग्यावरून केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७०/५० पाळणारी फिल्म आता लावता येते आणि त्यासाठी दंड करता येणार नाही. हा निकाल आला तेव्हा व्हॉट्सॲपवर "काळ्या फिल्मवरची बंदी उठली" असे मेसेज फिरत होते. तसं अजिबात झालेलं नाही. काळी फिल्म तेव्हाही बेकायदा होती आणि आजही आहे, कारण काळी म्हणजे ५० च्या खाली, आणि ५० च्या खालच्याला केरळच्या निकालातही जागा नाही. शिवाय तो एका उच्च न्यायालयाचा निकाल, दुसऱ्या राज्यात फोनवर त्याची बातमी दाखवून ट्रॅफिक पोलीस सोडेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्याच्या डोक्यात २०१२ च आहे.

बाहेरच्या देशांत काय चालतं हे बघितलं की कळतं की आकडे आकाशातून पडलेले नाहीत, प्रत्येकाने आपापल्या सोयीने रेघ मारलीय. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ नंतर रस्त्यावर आलेल्या गाड्यांना पुढची काच ७५ टक्के, ड्रायव्हरच्या शेजारच्या पुढच्या खिडक्या ७० टक्के, आणि मागे काहीही करा, मर्यादाच नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून पुढच्या बाजूच्या खिडक्यांना ७० चा आकडा लावला, मोडलात तर १३५ युरो दंड आणि लायसन्सवरचे ३ पॉइंट गेले. अमेरिकेत राज्य बदललं की कायदा बदलतो, कॅलिफोर्नियात ड्रायव्हरच्या खिडकीला ७० पाहिजे, फ्लोरिडात २८ चालतं, टेक्सासमध्ये २५. म्हणजे कॅलिफोर्नियात ज्या काचेवर पावती फाटेल तीच टेक्सासमध्ये बिनधास्त. अनेक राज्यांत त्वचेचा किंवा डोळ्यांचा आजार असेल तर डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर जास्त गडद काचेची परवानगीही मिळते. भारताच्या नियमात तशी सोय नाही, आणि ती असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या या सगळ्या नियमांत एक समान धागा आहे तो म्हणजे पुढच्या काचांबाबत कडक आणि मागच्यांबाबत ढिले. कारण सरळ आहे, ड्रायव्हर पुढून आणि पुढच्या बाजूच्या खिडक्यांतून बघतो. पण फक्त ड्रायव्हरला दिसणं हा अर्धाच मुद्दा झाला. रस्ता ओलांडणारा माणूस गाडीकडे नाही, ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतो, याने मला बघितलं का, हा थांबतोय का, आणि नजरानजर झाली की पाऊल टाकतो. सायकलवाल्याचंही तेच. आणि मागून येणारा तुमच्या गाडीच्या आरपार बघत असतो, तुमच्या मागच्या आणि पुढच्या काचेतून तुमच्याही पुढच्या गाडीचे ब्रेकलाईट त्याला दिसतात आणि तुमच्या आधीच त्याचा पाय उचललेला असतो. तुम्ही मागची काच काळी केली की त्याच्यासाठी तुम्ही भिंत झालात. हे मला ब्रिटनच्या नियमातलं कच्चं वाटतं, भारताने मागच्या काचेला ७० ठेवलंय ते जास्त शहाणपणाचं आहे. याच कारणामुळे बाहेर तेच मॉडेल मागे गडद प्रायव्हसी ग्लास घेऊन येतं आणि इथे फिक्या काचा घेऊन, आणि लोक म्हणतात कंपनीने पैसे वाचवले.

उन्हाचं म्हणाल तर तो मुद्दा खराच आहे, पण त्याचा काळ्या रंगाशी संबंध लोकांना वाटतो तितका नाही. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतला साधारण अर्धा भाग इन्फ्रारेड असतो, तो डोळ्याला दिसतच नाही. स्वस्त डाय केलेली काळी फिल्म दिसणारा प्रकाश शोषते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. चांगली सिरॅमिक फिल्म जवळजवळ पारदर्शक राहून इन्फ्रारेड अडवते. म्हणजे ७० ची चांगली फिल्म २० च्या फालतू फिल्मपेक्षा गाडी जास्त गार ठेवू शकते. दुकानात विचारायचं असेल तर किती काळी हे नाही, एकूण सौर ऊर्जेतली किती अडवते तो आकडा विचारा, त्याला टीएसईआर म्हणतात, आणि तो आकडा सांगता आला नाही तर पुढचं दुकान बघा. धातूचा थर असलेल्या फिल्मने जीपीएस आणि मोबाईलच्या सिग्नलला त्रास होऊ शकतो हेही विचारून घ्या. आणि अल्ट्राव्हायोलेटची भीती असेल तर पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते, ती यूव्ही जवळजवळ सगळा अडवते, बाजूच्या साध्या टफन्ड काचेतून मात्र यूव्हीए बऱ्यापैकी आत येतो, त्यामुळे खिडकीकडचा हात जास्त काळवंडतो तो काही भास नाही.

तर काचेचं हे असं. ऊन, त्वचा, प्रायव्हसी, फुटल्यावर फिल्मला चिकटून राहणारे काचेचे तुकडे, ही सगळी एका बाजूची खरी कारणं, आणि दिसणं हे दुसऱ्या बाजूचं. रेघ कुठे मारायची यावर माणसं भांडू शकतात.

आता लाईट घ्या. हेडलाईटवर नाहीतर टेललाईटवर स्मोक्ड फिल्म, किंवा त्याहून वाईट म्हणजे स्प्रे कॅनमधला काळा टिंट. याने काय मिळतं? गाडी गार होत नाही, आत बसलेल्याला प्रायव्हसी मिळत नाही, त्वचा वाचत नाही. फक्त काळ्या गाडीवर लाल लाईट विसंगत दिसतो म्हणून, बस्स. आणि किंमत मोजतो मागचा, ज्याला तुमच्या गाडीच्या लुकशी काही देणंघेणं नाही.

लाईटबाबत कायद्याची रचनाच वेगळी आहे. काचेला एक टक्केवारी दिली आणि मोकळे झाले, तसं लाईटचं नसतं. प्रत्येक दिवा त्याच्या बाहेरच्या लेन्ससकट एक वस्तू म्हणून प्रयोगशाळेत तपासला जातो, कुठल्या कोनात किती कँडेला (उजेडाची तीव्रता मोजायचं एकक), रंग नेमका कुठला, सगळं. टेललाईटच्या लेन्सवर कोपऱ्यात बारीक अक्षरात वर्तुळातला ई आणि शेजारी एक आकडा कोरलेला दिसेल, ती युरोपीय पद्धतीच्या मंजुरीची खूण, आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. एकदा त्या लेन्सवर तुम्ही काही चिकटवलं की तपासलेली वस्तू ती राहिलीच नाही. त्यामुळे "किती टक्क्यांची फिल्म लाईटवर चालते" या प्रश्नाला अर्थच नाही. जर्मनीत तर लाईट टिंट केले की गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच रद्द होते, आणि ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत हेडलाईटवरच्या थराने उजेड उघडपणे कमी झाला असेल तर गाडी नापास.

"पण कंपनीच्याच गाड्यांना स्मोक्ड टेललाईट येतात की" हा ठरलेला प्रश्न. येतात, आणि ते कायदेशीर आहेत, कारण तिथे लेन्स गडद आहे हे धरूनच आतला दिवा तेवढा जोरात ठेवलाय आणि सगळं मिळून तपासलंय. तुमच्या साध्या टेललाईटच्या आतला दिवा साध्या लेन्ससाठी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात साध्या ब्रेकलाईटला सरळ रेषेत किमान ६० कँडेला लागतात. कंपनी थोडी वर ठेवते हे खरं, पण किती वर ठेवलीय ते तुम्हाला माहीत नाही, फिल्मवाल्याला तर नाहीच. ५० टक्क्यांची फिल्म लावली की अर्धा उजेड गेला. रात्री ते कदाचित भागून जाईल, अंधारात कमी उजेडही दिसतो. मार बसतो तो भर दुपारी, ऊन थेट टेललाईटवर पडलेलं असताना, तेव्हा ब्रेक लागलाय की नाही हे मागच्याला कळतच नाही, आणि कळेपर्यंत त्याचं बॉनेट तुमच्या डिकीत असतं.

याहूनही वाईट एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही, ती म्हणजे रिफ्लेक्टर. बहुतेक गाड्यांत टेललाईटच्या युनिटमध्येच, नाहीतर खाली बंपरला, एक लाल चौकोनी तुकडा असतो, जवळून बघितलं तर मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे दिसतात. त्याच्या आत बल्ब नसतो. गाडी बंद पडलीय, बॅटरी गेलीय, अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी आहे, तेव्हा मागून येणाऱ्या गाडीचा हेडलाईट त्याच्यावर पडतो आणि तो परत फेकतो. आता फिल्मचा हिशोब करा. प्रकाशाला फिल्ममधून एकदा आत जायचंय आणि एकदा बाहेर यायचंय. ५० टक्क्यांची फिल्म असेल तर अर्ध्याचा अर्धा, म्हणजे २५ टक्के परत आला. ३० टक्क्यांची डार्क स्मोक असेल तर नऊ टक्के. नऊ. खात्री करायची असेल तर रात्री अशी एखादी गाडी उभी दिसली की वीस-पंचवीस पावलं मागे जा, टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि तिच्यावर मारा, मग शेजारच्या साध्या गाडीवर मारा. साधी गाडी दोन लाल डोळे वटारते, दुसरीकडे नुसता काळोख.

रंगाचा नियमही यातच येतो. मागे लाल, पुढे पांढरा, वळायला पिवळसर नारिंगी, रिव्हर्सला पांढरा, जगभर साधारण हेच, अमेरिकेत मागचा इंडिकेटर लालही चालतो तेवढा अपवाद. भारतात नियम १०८ पुढून लाल दिवा दाखवायला मनाई करतो. हे रंग ठरवण्यामागे हेतू एकच की अंधारात समोर दिसणारी गाडी येतेय की जातेय हे विचार न करता कळावं. निळसर हेडलाईट, जांभळे पार्किंग लाईट, लाल डीआरएल (दिवसा चालू राहणारे पुढचे दिवे) लावणारे नेमकं तेच बिघडवतात. पिवळ्या हेडलाईटचं म्हणाल तर फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पिवळे हेडलाईट कायद्यानेच बंधनकारक होते, मग युरोपच्या सामायिक नियमांसाठी त्यांनी ते सोडले. फॉग लॅम्प मात्र संयुक्त राष्ट्रांच्या नियमात पांढरे किंवा पिवळे दोन्ही चालतात, पण ते मुळात पिवळे म्हणून मंजूर झालेले असावे लागतात, पांढऱ्यावर पिवळी फिल्म चिकटवली की परत मगाचंच, तपासलेली वस्तू राहिली नाही.

दंडाचं थोडक्यात. काचेच्या फिल्मला मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लावतात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा सापडलात तर १५०० पर्यंत. ही रक्कम फिल्मच्या खर्चापुढे किरकोळ असल्यामुळे लोक घाबरत नाहीत हे उघड आहे. २०१२ च्या निकालात पोलिसांनी फिल्म तिथल्या तिथे काढावी असंही म्हटलंय, त्यामुळे दंड भरून फिल्म तशीच ठेवून पुढे जायचं हे गणित कागदावर तरी बसत नाही. आणि मोजायचंच झालं तर मोजायचं यंत्र असतं, टिंट मीटर, छोटासा दोन तुकड्यांचा, काच अर्धी खाली करून एक तुकडा आतून एक बाहेरून लावायचा, एकातून प्रकाश निघतो, दुसरा वाचतो, दोन सेकंदात आकडा समोर. तुमची काच खरंच ५० च्या वर असेल तर मीटरचा आग्रह धरा, तोंडी वाद घालू नका.

जुनी गाडी घेताना हे सगळं जास्त उपयोगी पडतं. काचेची फिल्म निघते, वाफ नाहीतर हीट गनने गोंद सैल करून सावकाश ओढायची, फक्त मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या, बारीक तपकिरी रेघा असतात तिथे ब्लेड अजिबात लावू द्यायचं नाही, एक रेघ तुटली की पावसाळ्यात मधला पट्टा धुरकटच राहणार. लाईटवर फिल्म असेल तर तीही निघते. पण स्प्रे मारून वर क्लिअर कोट दिलेला असेल तर तो घासून पॉलिश करून काढावा लागतो, त्यात लेन्स ओरखडते, आणि बरेचदा शेवटी अख्खं टेललाईट युनिटच बदलावं लागतं. एलईडीवाल्या गाडीचं असेल तर त्याची किंमत आधी विचारा आणि सौद्यातून तेवढी वजा करून घ्या. विकणारा म्हणेल की कंपनीतूनच स्मोक्ड आलेत. नखाने लेन्सच्या कडेला खरवडून बघा, बॉडीला लागून असलेल्या फटीत स्प्रेची कड हमखास सापडते.